पाठीवरची जागा

थोरली : ‘झोपू नकोस गं मागं, पडशील,’ असं ओरडायचे बघ बाबा मोटरसायकल चालवता चालवता. अर्धा शब्द वाऱ्यानं न्यायचा, अर्धा माझ्या कानाशी यायचा. आत्ता हे त्यांचं चामड्याचं जाकीट अंगावर चढवलं आणि इतक्या वर्षांनी तोच आवाज आला. तुमच्या या मशिनींच्या खडखडाटातसुद्धा आला.

धाकटी : आणि तू झोपायचीसच.

थोरली : झोपायचेच. सकाळची शाळा, डोळ्यांवर अर्धी रात्र, आणि समोर बापाची ऊबदार पाठ. तिथं झोप नाही येणार तर कुठं येणार?

धाकटी : मला काय माहीत. बघ आरशात. तो नको, तो गिऱ्हाइकांचा आरसा, सगळ्यांना बारीक दाखवतो. हा खिडकीजवळचा बघ.

थोरली : खांदे उतरलेत. बाह्या बोटांवर आल्या.

धाकटी : बाबांच्या मापाचं आहे ते, ताई. तुला कसं बसेल? अस्तर नवं घातलंय, चेन बदललीये. बाकी कशाला हात लावला नाही. काढ आता, घडी करून देते. गाडी चुकायची तुझी.

थोरली : गाडीला अवकाश आहे. घाई तुलाच झालेली दिसते. बहीण पहिल्यांदा कामाच्या जागी आलीये, तिला जरा बघू तरी दे. ही एवढी जाकिटं दांडीवर टांगलीत, ही सगळी नवी?

धाकटी : सकाळी नवी होती. संध्याकाळपर्यंत म्हातारी होतील.

थोरली : तेच तुझं काम.

धाकटी : तेच माझं काम. तू चष्म्याच्या दुकानात म्हाताऱ्या डोळ्यांना तरुण करतेस, मी तरण्याताठ्या जाकिटांना म्हातारं करते. घरातलं खातं बरोबर जुळतं.

थोरली : कसं करतेस पण? हे बघ, हे तर अगदी कोऱ्या पाटीसारखं आहे.

धाकटी : त्याचीच पाळी आहे आता. आधी पाण्याचा हात मारायचा. मग धुणं पिळतात तसं पिळून, चुरगळून, मुटकुळं करून सुतळीनं बांधून ठेवायचं. सुकलं की उलगडायचं, तोवर अंगभर सुरकुत्या. मग काचपेपर. मग टाचा घासायचा दगड असतो ना, तो. कोपरं, शिवणी, खिशांचे काठ. मग स्पिरिटचा बोळा, रंग हलकेच उतरवायला. शेवटी मेण. झालं. कोणाच्या तरी खांद्यावर चढून दोन देश फिरून आल्यासारखं दिसतं. फिरलेलं असतं फक्त या टेबलावरून त्या टेबलावर.

थोरली : आणि लोकांना कळत नाही?

धाकटी : लोकांना कळून घ्यायचंच नसतं. आयतं मिळालेलं आयुष्य कोणाला नको? फक्त एक आहे. आम्ही कोपरं घासतो, कारण सगळ्यांना वाटतं की जाकीट कोपरावरच झिजतं. बाबांचं बघ. कोपरं धड आहेत. झिजलीये ती बाह्यांची आतली बाजू.

थोरली : खांबाला मिठी मारून.

धाकटी : टेलिफोनच्या तारा जोडत जन्म गेला. कमरेशी हा पट्ट्याचा वळ, उजव्या खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन घेऊन पडलेला हा खड्डा. हे कुठल्या कटिंग मास्तरच्या डोक्यात येणार आहे? आईलासुद्धा इतकं मिठीत घेतलं नसेल त्यांनी, जितकं खांबांना.

थोरली : गप गं.

धाकटी : आईच म्हणायची ते. मी कशाला म्हणू. आणि पाठीमागं, बरोब्बर मधोमध नाही, जरा डावीकडं, तो फिका गोल.

थोरली : माझा गाल.

धाकटी : तुझा गाल.

थोरली : आईनं ओवी केली होती त्याच्यावर. अस्तर शिवायला बसली की म्हणायची, सुई तोंडात धरून.

धाकटी : ‘बापाच्या पाठीवर लेक माझी पेंगुळली, वाऱ्यानं जाता जाता तिची वेणी उलगडली.’

थोरली : तुला पाठ आहे?

धाकटी : का, पाठ असायला नको? ऐकून ऐकून पाठ झाली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, घरात दुसरं काही वाजतच नव्हतं. माझ्यावर एक ओळ रचली नाही आईनं.

थोरली : होती की तुझ्यावरही.

धाकटी : कुठली?

थोरली : होती. काहीतरी... आत्ता आठवत नाही गं.

धाकटी : राहू दे. शोधू नकोस, नसली तर सापडायची नाही. काढतेस ना जाकीट?

थोरली : काढते. बाबांजवळ कोण आहे आत्ता?

धाकटी : शेजारच्या काकू बसल्यात. मी कामावर असले की त्याच बसतात. लसूण सोलत बसतात, तेवढाच त्यांचाही वेळ जातो. तू निघालीस तेव्हा बाबा जागे होते?

थोरली : पेंगत होते खुर्चीत.

धाकटी : तुला ओळखलं ना त्यांनी? चार दिवस राहिलीस, मी विचारलंच नाही. विचारायची भीती वाटली.

थोरली : ओळखलं की. न ओळखायला काय झालं?

धाकटी : तसं नाही, कधी कधी घोटाळा होतो. परवा दूध टाकायला आला त्याला ‘साहेब’ म्हणून उठून उभे राहिले. लाईन चालू झाली म्हणाले, काळजी करू नका. तो बिचारा पिशवी हातात धरून ‘बरं बरं’ म्हणत मागं सरकला.

थोरली : मला ओळखलं.

धाकटी : ओळखतीलच. सरकार ना तू. ‘चला सरकार, शाळेला उशीर होतोय.’ मला आपलं ठमी. सरकारपुढं ठमीचं काय चालणार?

थोरली : अजून तेच धरून बसलीस? नावं त्यांनी ठेवली, मी नाही. आणि हे इथं काय आहे गं?

धाकटी : कुठं?

थोरली : इथं पुढं. छातीवर, डाव्या बाजूला, कॉलरच्या जरा खाली. हा फिका गोल.

धाकटी : घासलं असेल कशानं तरी.

थोरली : कशानं?

धाकटी : पट्ट्यानं.

थोरली : पट्टा कमरेला असतो, ठमे.

धाकटी : मग भेंडोळ्यानं.

थोरली : आत्ताच तू सांगितलंस, भेंडोळं उजव्या खांद्यावर. हे डावीकडं आहे. मला हे आठवत नाही. त्या जाकिटाचा कण न् कण मला ठाऊक आहे आणि हे नव्हतं.

धाकटी : तू पाठीमागं बसायचीस. पुढचं तुला कसं ठाऊक असणार?

मास्तर : अरे वा, अंगात घालून बघताय वाटतं. चष्मेवाल्या ताई ना तुम्ही? नाही, नाही, उठू नका. मी इथला कटिंग मास्तर. ठमी सांगत असते तुमच्याबद्दल. काय मग, जमलंय की नाही आमच्या पोरीला?

थोरली : काय जमलंय?

धाकटी : मास्तर, तुमचा चहा निवला तिकडं.

मास्तर : निवू दे. चहा रोजचाच आहे. कौतुकात माणसानं कंजुषी करू नये. सांगतो तुम्हाला ताई, डोक्याचे केस या कातड्याबरोबर पांढरे झाले माझे, पण असा पीस नाही बघितला. परवा दोन्ही या दांडीवर शेजारी शेजारी टांगलेली. मी आपला मेणाचा बोळा घेऊन आलो आणि सरळ तुमच्या वडिलांच्या जाकिटालाच लावणार होतो. ही अशी वसकन अंगावर आली. म्हटलं, अगं बाई, निदान चिठ्ठी तरी लाव, कुठलं बापाचं आणि कुठलं लेकीनं केलेलं.

थोरली : दोन्ही.

मास्तर : हो, दोन्ही. आता हे तुम्ही घातलंय ते... थांबा, जरा वळा. नाही, मला आत्ताही नाही सांगता यायचं. डोळा फसतो. ठमे, कुठलं गं हे?

धाकटी : मास्तर, जा ना.

मास्तर : मी काही वावगं बोललो का?

थोरली : नाही मास्तर. बसा तुम्ही. पुढं सांगा. आणखी काय काय केलं आमच्या ठमीनं?

मास्तर : म्हणजे बघा, जुनं करायचं म्हटलं की आमचं ठरलेलं. घासा, पुसा, द्या. ही मात्र कुठं तरी अडली. पाठीवर एक फिकी जागा होती म्हणे, ती हिला साधेना. काचपेपर लावून बघितला, मलमल लावून बघितली. म्हणाली, मास्तर, कागद एका दिशेनं घासतो, हे चारी दिशांनी घासलेलं आहे, आणि वर तेलकट आहे. म्हटलं, सोड, कोण बघतंय पाठीकडं. तर नाही. मग काही दिवसांनी बघतो, जेवणं उरकली की ही जाकीट खुर्चीच्या पाठीला घालायची आणि त्याच्यावर गाल टेकून पडून राहायची. रोज. मला वाटलं, थकते पोर. घरी म्हाताऱ्याचं करायचं, इथं उभ्यानं काम. मी आपला मशीनवाल्यांना सांगायचो, आवाज जरा कमी करा.

थोरली : रोज?

मास्तर : सगळा उन्हाळा. आता तुमचे चेहरे बघून वाटतंय की मी जरा जास्तच बोललो. मला तिकडं कटिंगला बोलावतायत. कोणी बोलावत नाहीये, पण जातो मी.

थोरली : ठमे.

धाकटी : हं.

थोरली : मी अंगात काय घातलंय?

धाकटी : तुला ऐकू आलं ना सगळं.

थोरली : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

धाकटी : मी केलेलं घातलंयस.

थोरली : आणि बाबांचं?

धाकटी : वर माळ्यावर आहे. चादरीत गुंडाळून.

थोरली : म्हणजे मी हे कागदात बांधून घेऊन जाणार. घरी जाऊन कपाटात लावणार. त्याच्यात तोंड खुपसून रडणार कधीतरी, बाबांच्या नंतर. आणि तू इथं माळ्याकडं बघून हसणार.

धाकटी : हसणार नव्हते.

थोरली : मग काय करणार होतीस?

धाकटी : घालणार होते. थंडीत. कामावर येताना.

थोरली : बाबांनी ते मला द्यायचं सांगितलं होतं. चांगले शुद्धीत असताना. तुझ्यासमोर.

धाकटी : माझ्यासमोरच तर सांगितलं. मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते. तेल माझ्या हाताला आणि जाकीट सरकारला. म्हणाले, तिच्या गालाची जागा आहे त्याच्यावर, तिलाच द्या. मी ‘बरं’ म्हटलं आणि दुसरा पाय घेतला.

थोरली : मला फोनवर नाही सांगितलंस हे असं.

धाकटी : काय सांगू? की मला वाईट वाटलं? बाईचं वय बघा आणि रडू बघा, असं म्हणाली असतीस.

थोरली : काढ ते खाली. मला बघू दे.

(धाकटी स्टुलावर चढून माळ्यावरून चादरीचं गाठोडं काढते आणि त्यातलं जाकीट टेबलावर पसरते. थोरली अंगातलं उतरवून त्याच्याशेजारी ठेवते.)

थोरली : देवा रे.

धाकटी : बघ. आता तू सांग. तू तर त्याचा कण न् कण ओळखतेस.

थोरली : वास घेऊ?

धाकटी : घे. दोन्हीला बाबांच्याच कपाटात ठेवलं होतं मी. त्यांच्या स्वेटरांमधे.

थोरली : तू म्हणजे ना... खांद्याचा खड्डासुद्धा.

धाकटी : त्याला विटांची पिशवी टांगून ठेवली होती.

थोरली : पाठ उलटी कर. हं. दोन्हीवर आहे. तोच गोल, तेवढाच. हात लावला तरी तस्साच लागतो, मऊ. ठमे, हा माझा गाल होता गं. एवढी एकच जागा होती माझी, ती पण घेतलीस?

धाकटी : तुझी तुझ्या जाकिटावर आहे. मी कुठं खोडली?

थोरली : खोडली असतीस तर परवडलं असतं. तू दुसरी केलीस. आता मला कळत कसं नाही कुठली माझी?

धाकटी : मलाही वाटलं होतं, दगडानं घासून होईल. दोन दिवसांचं काम. पण ती जागा काही केल्या खरी वाटेना. मग म्हटलं, गालानंच झालेलं आहे तर गालानंच होणार. पहिल्या दिवशी नुसता गाल टेकला आणि लाज वाटली. चोरून दुसऱ्याच्या अंथरुणात शिरल्यासारखं. मग सवय झाली. मग दुपारची वाट बघायला लागले. काम म्हणून टेकायचे आणि डोळा लागायचा माझा.

थोरली : आणि बाबांच्या हाका यायच्या?

धाकटी : मला कुठल्या येणार. मला मशिनींचा आवाज यायचा.

थोरली : आणि हे पुढचं? ते बाबांच्यावर नाही. हे बघ, इथं स्वच्छ आहे. फक्त तू केलेल्यावर आहे. एवढी हुबेहूब नक्कल करणारी तू, आणि नसलेला डाग पाडून बसलीस?

धाकटी : तेवढंच चुकलं.

थोरली : चुकलं? विटा टांगणारी बाई चुकते?

धाकटी : सगळं झालं होतं. शेवटचं मेण राहिलं होतं फक्त. दगड हातात होता. आणि हात थांबेना, बस.

थोरली : काय आहे ते?

धाकटी : माझं डोकं आहे.

थोरली : म्हणजे?

धाकटी : रस्त्यानं बघतेस ना तू, लहान पोरं कशी पुढं बसतात मोटरसायकलच्या टाकीवर, बापाच्या दोन हातांच्या मधे? ब्रेक लागला की डोकं मागं जाऊन बापाच्या छातीला लागतं. मी सिग्नलला उभी राहून बघते. कुठं लागतं, किती वर लागतं. वर्षानुवर्षं बघितलंय. त्या जागेचं माप मला टेप न लावता येतं.

थोरली : पण तू पुढं बसायचीस ना? मी मागं आणि तू पुढं...

धाकटी : कधी?

थोरली : बसली असशीलच की कधीतरी.

धाकटी : ताई, शाळेत जायला लागलीस की बसवीन म्हणायचे, आणि मी पहिलीत जायच्या आधीच बाबा खांबावरून पडले. गुडघा गेला. शाळा सुरू व्हायच्या आत गाडी विकली. तू तेव्हा बोर्डिंगला होतीस, तुला वाटत राहिलं की घरी सगळं तसंच चाललंय. मी एकदाही बसले नाही. पुढं नाही, मागं नाही, उभ्या गाडीवरसुद्धा नाही. जाकीट मात्र दाराआड खिळ्याला होतं. मी त्याच्या आत शिरून उभी राहायचे. आई म्हणायची, बाहेर ये, जाकिटाला पोट आलंय.

थोरली : मला हे कोणी सांगितलं नाही.

धाकटी : विचारलंस कधी?

थोरली : नाही विचारलं.

धाकटी : सुट्टीला यायचीस आणि बाबा दिवसभर तुझ्याशी बोलायचे. कुठल्या वळणावर कुत्रं आडवं आलं, कुठल्या नाक्यावर पाऊस लागला, कोणाच्या दुकानाच्या छपराखाली उभे राहिलात. तुमच्या दोघांचा एक आख्खा रस्ता होता. मी ताटं घ्यायचे. मला त्या रस्त्यावरचं एक झाड माहीत नाही.

थोरली : म्हणून स्वतःला चिकटवलंस त्यांच्या छातीवर.

धाकटी : हसशील तर हस. पण बघ, दगडानं केलेलं आहे ते आणि दिसतंच तसं. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम. मास्तरला दिसलं नाही, कारण त्याला ते शोधायचं नव्हतं. तुला पहिल्या फटक्यात दिसलं.

थोरली : हसत नाहीये मी. मी वेगळाच हिशेब करतेय. ठमे, मला त्यांची पाठ मिळाली. बरोबर आहे तुझं, सगळी मलाच मिळाली. पण पाठच. त्या सबंध रस्त्यात मला त्यांचं तोंड कधी दिसलं नाही. हसताहेत की वैतागलेत, काही कळायचं नाही. समोरून बाबा मिळाले ते तुला. गुडघा गेला आणि ते घरी बसले, तुझ्यासमोर. तुझा अभ्यास घेतला, तुझ्याशी पत्ते खेळले. मी फोन केला की मागून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि बाबा म्हणायचे, थांब हं सरकार, ही ठमी बघ काय करतेय.

धाकटी : मी काही करत नसायचे. त्यांना तुझ्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही फोनवर.

थोरली : मला काय माहीत? मला ऐकू येत होतं हसणं. मग मी फोनच कमी केले.

धाकटी : आम्हाला वाटलं, तू कामात असतेस.

थोरली : असायचेही. पण इतकीही नाही.

धाकटी : म्हणजे तू तिकडं माझ्यावर जळत होतीस आणि मी इकडं तुझ्यावर.

थोरली : आणि मधे बाबा बसून पत्ते पिसत होते.

धाकटी : त्यांना सांगायला हवं होतं. हसले असते.

थोरली : आता कोणाला सांगतेस.

धाकटी : घे. घडी घातली बघ. हे खरं. वाटलं तर छाती बघून घे पुन्हा, डाग नाहीये.

थोरली : बघितलं. ठमे, एक सांगते. आता तुला वाटत असेल की ही मोठी आहे, ही म्हणेल, राहू दे तुझ्याकडंच. मी नाही म्हणणार. मला हवंय ते. मी घेऊन जाणार.

धाकटी : म्हणूही नकोस. तू उदार झाली असतीस तर मी कात्रीच घातली असती दोन्हीला.

थोरली : आणि या तू केलेल्याचं काय करशील?

धाकटी : बघू. मालकांचा डोळा आहे त्याच्यावर. दुकानाच्या काचेत लावतो म्हणतात.

थोरली : विकू नकोस.

धाकटी : का? तुझ्या गालाची नक्कल परक्याच्या पाठीवर फिरेल म्हणून?

थोरली : माझा कुठला? सगळा उन्हाळा तू झोपलीस त्याच्यावर.

धाकटी : ...सुतळी दे ती. बोट ठेव इथं, गाठीवर. असं. आता काढ.

थोरली : किती घट्ट बांधतेस.

धाकटी : पावसाचं काही खरं नाही. आणि पोचलीस की फोन कर. म्हणजे करच. बाबा विचारतील.

थोरली : विचारतील?

धाकटी : विचारतील की. तुला ओळखलं म्हणालीस ना. मग आठवण राहील त्यांना दोन-चार दिवस. मला बरं वाटलं बघ ते ऐकून. खरं सांगू का, बरं वाटलं आणि पोटात दुखलंही. मी रोज भरवते आणि मला कधी कधी ‘बाई’ म्हणतात. तू आलीस की मात्र लगेच ओळख. म्हटलं, असू दे. निदान एकीला तरी ओळखतात.

थोरली : ठमे, हे पार्सल जरा खाली ठेव.

धाकटी : का? जड आहे का?

थोरली : ठेव. मला तुला एक सांगायचंय. नसतं सांगितलं मी. गाडीत बसून गेले असते तशीच.

धाकटी : काय झालं? बाबांना काही...

थोरली : बरे आहेत ते. काल दुपारची गोष्ट. तू इथं होतीस, काकू जेवायला गेल्या होत्या. मी त्यांची नखं कापत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘ठमे, आज लवकर सुटलीस?’

धाकटी : मग तू सांगितलंस ना, मी ताई आहे म्हणून?

थोरली : तोंड उघडलं होतं सांगायला. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला होता गं. एवढ्या जवळून, समोरून, माझ्याकडं बघून तो चेहरा तसा झालेला मी कधी पाहिलाच नव्हता. मी तशीच नखं कापत राहिले. आल्यापासून एकदाही ‘सरकार’ म्हणाले नव्हते ते. एकदाही नाही. पहिल्या दिवशी तर विचारलं, कोणाकडं आलात?

धाकटी : ताई.

थोरली : मग त्यांनी पुन्हा हाक मारली. ‘ठमे.’ इतक्या मायेनं.

धाकटी : मग?

थोरली : मग मी ओ दिली.